काळ्या पेन्सिलीनं काढलेला उजेड

उलटं चित्र म्हटलं की डोकं खाली, पाय वर असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. मी आज ज्या उलटेपणाबद्दल लिहिणार आहे ते निराळं आहे. यात माणूस सरळच उभा असतो, पण त्याचे काळे केस पांढरे असतात, दात काळे असतात, गव्हाळ चेहरा निळसर असतो आणि कपाळावरचं लाल कुंकू फिकट आकाशी. फोटोची निगेटिव्ह असते ना, तसं. हे चित्र साध्या रंगीत पेन्सिलींनी कागदावर काढायचं, स्कॅन करून संगणकावर घ्यायचं आणि 'इन्व्हर्ट' नावाची आज्ञा द्यायची. क्षणात सगळे रंग फिरतात आणि समोर सरळ चित्र उभं राहतं.

बघणाऱ्याला ही जादू वाटते. काही जणांना ती लबाडीही वाटते. "यात हाताचं काय राहिलं? केलं ते सगळं मशीननं," असं म्हणणारे मला भेटले आहेत. मी चित्रकलेची नव्हे, इतिहासाची शिक्षिका. पण या प्रकाराला बराच मोठा इतिहास आहे आणि 'चित्र कोणाचं' या प्रश्नाचं उत्तर त्या इतिहासात सापडतं असं मला वाटतं, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात एका चित्र न येणाऱ्या माणसापासून करावी लागते. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्लंडमधला मोठा विद्वान माणूस. गणित, रसायन, वनस्पती, प्राचीन भाषा, सगळ्यात गती. एकच गोष्ट जमत नव्हती, चित्र काढणं. ऑक्टोबर १८३३ मध्ये तो पत्नीसह इटलीतल्या कोमो सरोवरावर गेला होता. तिथला देखावा कागदावर उतरवण्यासाठी त्यानं 'कॅमेरा ल्युसिडा' नावाचं एक लोलकाचं साधन घेतलं होतं. त्यातून पाहिलं की समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं, आपण फक्त गिरवायचं. पण गिरवायलाही हात लागतो! टॅल्बटची चित्रं काही बरी येईनात. तेव्हा त्याच्या मनात आलं, हे दृश्य कागदावर आपलं आपणच उमटून राहिलं तर?

घरी परतल्यावर त्यानं कागदाला मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावून प्रयोग सुरू केले. या कागदावर उजेड पडला की तो काळा पडतो. म्हणजे जिथे उजेड जास्त तिथे काळं जास्त, आणि जिथे सावली तिथे कागद कोरा. चित्र उमटलं खरं, पण उलटं! ऑगस्ट १८३५ मध्ये लेकॉक ॲबी या आपल्या राहत्या वाड्यातल्या जाळीच्या खिडकीचं असं एक चित्र त्यानं घेतलं. आकार पोस्टाच्या तिकिटासारखा. कॅमेऱ्यानं घेतलेली आणि आजवर टिकलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. भिंगातून पाहिलं तर खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, असं त्यानं स्वतः नोंदवून ठेवलं आहे.

उलटं चित्र म्हणजे प्रयोग फसला, असं कोणीही म्हटलं असतं. टॅल्बटचं मोठेपण हे, की हे उलटेपण हाच फायदा आहे हे त्यानं ओळखलं. उलट्या चित्राखाली तसाच दुसरा कागद ठेवून पुन्हा उन्हात धरला, की उलट्याचं उलटं म्हणजे सरळ. बीजगणितात आपण वजा गुणिले वजा बरोबर अधिक शिकलो, तेच हे. शिवाय एका उलट्यापासून हव्या तितक्या प्रती काढता येतात. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झालेली दागेरची पद्धत सरळ चित्र देत होती आणि अतिशय रेखीव देत होती, पण एकच. या उलट्या-सरळ्याला 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द १८४० मध्ये सर जॉन हर्शेल यांनी दिले. शास्त्रज्ञाचे ते शब्द पुढे आपल्या गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याच्या तोंडी बसले.

इथपर्यंतची गोष्ट फोटोची झाली. आता हातानं काढलेल्या उलट्या चित्राकडे येऊ.

१८५३ च्या सुमारास फ्रान्सच्या उत्तरेकडे आरास नावाच्या गावात काही हौशी मंडळींना एक कल्पना सुचली. निगेटिव्ह कॅमेऱ्यातूनच का यावी? ती चित्रकारानं हातानंच काढली तर? काचेवर काळा थर द्यायचा, सुईनं त्यावर चित्र ओरखडायचं आणि खाली फोटोचा कागद ठेवून उन्हात धरायचं. जिथे थर निघाला तिथून उजेड आत जातो आणि कागदावर काळी रेघ उमटते. या प्रकाराला फ्रेंचमध्ये 'क्लिशे-व्हेर' म्हणतात, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह. निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला कामी कोरो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. त्या वयात त्यानं ही नवी विद्या हौसेनं उचलली आणि १८७४ पर्यंत अशी साठाहून अधिक चित्रं केली. मिले, दोबिन्यी, रूसो यांनीही हात चालवून पाहिला. देलाक्रवानं १८५४ मध्ये एक वाघ काढला.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. काळ्या थरावर उजळ रेघ ओढताना चित्रकाराचा गोंधळ होतो, कारण त्याला हवी असते काळी रेघ. म्हणून आरासच्या मंडळींनी युक्ती केली. काचेवर छपाईची शाई लावून तिच्यावर पांढऱ्या शिशाची पूड भुरभुरायची आणि काच काळ्या कापडावर ठेवायची. आता पृष्ठभाग पांढरा दिसतो आणि सुईनं ओरखडलं की खालचं काळं कापड दिसतं. चित्रकाराला वाटतं, आपण पांढऱ्या कागदावर काळ्या रेघाच काढतो आहोत. प्रत्यक्षात तो निगेटिव्ह काढत असतो. संगणक येण्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधी एका कापडाच्या तुकड्यानं केलेलं हे 'इन्व्हर्ट'च नव्हे काय?

सगळे मात्र कापडाचा आधार घेत नसत. दुसरी रीत अशी होती की काचेवर कुंचल्यानं रंग कमी-जास्त जाड लावायचा. जिथे थर जाड तिथे उजेड अडतो आणि छाप फिकट येते, जिथे पातळ तिथे गडद. इथे मनातल्या मनात सगळं फिरवूनच काम करावं लागे.

आणि तरीही या चित्रांना धड घर मिळालं नाही. छापचित्रवाल्यांच्या दृष्टीनं तो फोटो, कारण ना ॲसिड ना छापयंत्र. फोटोवाल्यांच्या दृष्टीनं ते चित्र, कारण कॅमेराच नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये जुन्या मूळ काचांवरून ४० चित्रं पुन्हा छापून प्रसिद्ध झाली. तोवर काढणारे हात केव्हाच मातीत मिसळले होते.

आपल्याकडे हीच विद्या वेगळ्या वेषात आली, आणि ती माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिली आहे. गावोगावच्या फोटो स्टुडिओत 'टचिंग' करणारा एक माणूस असायचा. लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढला की "जरा टचिंग करून द्या" हे ठरलेलं वाक्य. म्हणजे नेमकं काय करत? खालून उजेड येणाऱ्या उतरत्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवून, अतिशय टोकदार पेन्सिलीनं तिच्यावर बारीक बारीक टिंबं भरत. चेहऱ्यावरची सुरकुती किंवा देवीचा वण छापल्यावर काळसर दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचं काळं भरलं की उजेड अडतो आणि फोटोत ती जागा उजळ होते. गोरं करायचं तर काळं लावायचं! फोटोत एखादी जागा गडद करायची असेल तर उलट, पात्यानं हलकेच खरवडायचं. एक टिंब जास्त झालं तर फोटोत पांढरा ठिपका, जोरात खरवडलं तर काळा ओरखडा. आणि आपण केलं ते बरोबर की चूक, हे छापल्याशिवाय कळायचं नाही. या माणसांची नावं फोटोखाली कधी आली नाहीत. पण आपल्या घरातल्या भिंतीवरच्या कित्येक आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर त्यांच्या पेन्सिलीचं काम आहे.

काळ्यापांढऱ्याचं उलटं सोपं. रंगांचं उलटं कोणतं?

निसर्ग याचं उत्तर आपल्या डोळ्यांतच ठेवून गेला आहे. जर्मन कवी गटे यानं १८१० मध्ये रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात एक अनुभव आहे. संध्याकाळी तो एका खानावळीत बसला असताना गोरीपान, काळ्या केसांची, लालभडक चोळीवजा पोशाख केलेली एक मुलगी खोलीत आली. तो तिच्याकडे पाहत राहिला. ती बाजूला झाल्यावर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्याला दिसला काळा चेहरा, त्याभोवती उजळ वलय आणि समुद्रासारखा हिरवट निळा पोशाख. आपणही करून पाहावं. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की हाच रंग दिसतो.

याच तत्त्वावर रंगीत छपाई उभी राहिली, आणि इथे एक आपला माणूस भेटतो. धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे आपण त्यांना चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो, पण त्याआधी ते छपाईतले जाणकार होते. मुंबईचं जे. जे. स्कूल आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकलेले फाळके तिरंगी ब्लॉकच्या कामात मुरलेले होते आणि रंगीत छपाईचं नवं तंत्र पाहायला १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले होते. तिरंगी छपाईत मूळ चित्राचा फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीनदा घेतात. लाल काचेतून आलेल्या निगेटिव्हवरून जो ब्लॉक होतो त्यावर लाल शाई लावत नाहीत, लालच्या उलटी म्हणजे आकाशी निळी लावतात. कारण शाईचं काम पांढऱ्या कागदावरून परतणारा लाल उजेड गिळण्याचं. तसंच हिरव्याला गुलाबी-जांभळी आणि निळ्याला पिवळी. मासिकाचं रंगीत मुखपृष्ठ हे तीन उलट्यांची बेरीज असतं.

चित्रकलेच्या तासाला मुलांना जे रंगचक्र शिकवतात त्यात लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी असतो. रंगकामाला ते ठीक आहे. पण उलटं चित्र काढणाऱ्यानं ते धरलं तर फसगत होते. संगणकाचा हिशेब छपाईवाल्यांसारखा आहे. लालचा उलटा आकाशी, हिरव्याचा गुलाबी-जांभळा, पिवळ्याचा निळा. लाल फूल हवं म्हणून हिरव्या पेन्सिलीनं रंगवलं तर फूल उमटेल जांभळट गुलाबी.

आता हा संगणक नेमकं करतो काय ते पाहू. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आलं आणि गिंप हे फुकट मिळणारं १९९६ मध्ये. दोन्हीत 'इन्व्हर्ट' आहे. चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचं असतं आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ मधले. 'इन्व्हर्ट' म्हणजे प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करणं. बस्स. झेंडूचा पिवळा साधारण २५५, २००, ० धरला तर त्याचा उलटा ०, ५५, २५५, म्हणजे गडद निळा. गव्हाळ चेहऱ्याचा २००, १५०, ११० उलटा होऊन ५५, १०५, १४५ होतो, म्हणजे राखाडी झाक असलेला निळा. तिसरीतल्या मुलाला येणारी वजाबाकी यंत्र लाखो वेळा करतं, एवढंच त्याचं कर्तृत्व. ऐन मध्यावरचा करडा रंग मात्र उलटा केला तरी करडाच राहतो. तडजोडीच्या माणसांसारखं आहे त्याचं!

प्रत्यक्षात आणखी एक अडचण येते. आपला कागद पूर्ण पांढरा नसतो आणि पेन्सिलीचा काळा पूर्ण काळा नसतो. त्यामुळे उलटलेलं चित्र धुकट दिसतं, रात्र काळी न येता राखी येते. त्यासाठी उलटण्याआधी 'लेव्हल्स'मध्ये जाऊन कागदाला पांढऱ्यावर आणि सर्वांत गडद जागेला काळ्यावर नेऊन ठेवावं लागतं. कुणी जुनी रंगीत निगेटिव्ह स्कॅन करून उलटवायला गेलं तर फोटो निळा-निळा दिसतो. त्याचं कारण त्या फिल्मवर मुद्दाम दिलेली नारिंगी झाक. ती आधी काढून टाकावी लागते.

पण वजाबाकी यंत्राची असली तरी वजा कशातून करायचं ते यंत्राला ठाऊक नसतं. उजवीकडून उजेड येत असेल तर उजवा गाल गडद काढायचा, हे हातालाच कळावं लागतं. पणतीची ज्योत काढायची तर तिचा सर्वांत तेजस्वी गाभा कागदावर सर्वांत काळा, भोवतीचा पिवळा भाग निळा, आणि अमावास्येची रात्र म्हणजे कोरा, न शिवलेला कागद. ओळखीचा चेहरासुद्धा निगेटिव्हमध्ये चटकन ओळखू येत नाही. तो तसा काढायचा म्हणजे "केस काळे असतात" ही पाठ झालेली माहिती बाजूला ठेवून प्रत्येक जागी खरोखर उजेड किती आहे हे पाहावं लागतं.

हे मला पटतं ते फळ्यामुळे. मंडळी, आपल्या पिढीनं पहिली चित्रं कागदावर नाही, पाटीवर काढली. पाटी काळी, पेन्सिल पांढरी. पहिलीतलं पोर आईचं चित्र काढतं आणि केस हौसेनं गिरगिटून भरतं. ते भरले की आई म्हातारी दिसू लागते! मी फळ्यावर शिवाजी महाराज काढायची तेव्हा दाढीची जागा सोडून बाकी चेहऱ्यावर खडू फिरवायची. मुलं म्हणत, "बाई, दाढी काढायची राहिली." मी म्हणे, "दाढी काढायची नाही, ठेवायची." अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर रांगोळी घालणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. काळ्यावर पांढरं काढण्याची आपली सवय जुनी आहे. कागद आला आणि ती मोडली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी अशीच उलटी पणती काढली. तीन संध्याकाळी खपून, निळ्या आणि काळ्या पेन्सिली झिजवून. ती एका स्पर्धेला पाठवली, तर हस्तचित्र विभागानं "हे संगणकाचं" म्हणून परत केली आणि संगणक विभागानं "हे हातानं काढलेलं" म्हणून. पोरगी हिरमुसली. आईनं मला फोन केला तेव्हा मी तिला कोरोची गोष्ट सांगितली, दोन्ही घरी उपाशी राहिलेल्या काचांची. पोरीनं विचारलं, "मग आजी, त्या चित्रांचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, "आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आणि त्यांच्याखाली नाव कोरोचं आहे, सूर्याचं नाही."

माझं म्हणणं एवढंच आहे. कोरोच्या काचेतून चित्र उमटवलं ते उन्हानं, टचिंगवाल्याचं काम कागदावर आणलं ते डार्करूममधल्या दिव्यानं, आणि आजच्या मुलांचं चित्र फिरवतं ते सॉफ्टवेअर. उमटवणारं यंत्र दर पिढीला बदलत आलं. उजेड कुठे आहे हे ओळखून तिथे काळं भरणारा हात मात्र प्रत्येक वेळी माणसाचाच होता. स्पर्धांनी फार तर तिसरा विभाग काढावा, पण चित्र कोणाचं याबद्दल शंका घेऊ नये.

घरात मुलं-नातवंडं असतील तर त्यांना एक कोरा कागद, एक काळी आणि एक निळी पेन्सिल द्या आणि उजेड काढायला सांगा. संगणक लगेच लावू नका. आधी कागद हातात घेऊन ते उलटं चित्र थोडा वेळ नुसतंच पाहा आणि सरळ कसं दिसेल ते मनात ओळखा. मग खुशाल ती कळ दाबा.